माहेराहून आलेला मासा

जपानच्या शिगा प्रांताला समुद्रकिनारा नाही. आहे तो मधोमध पसरलेला बिवा तलाव, सुमारे ६७० चौरस किलोमीटरचा, देशातला सर्वांत मोठा. तलावात मासळी भरपूर आणि ती खाण्याच्या तऱ्हाही जुन्या. फुना नावाचा मासा भातात महिनोन्‌महिने आंबवून केलेली फुनाझुशी ही तर या प्रांताची ओळखच. तरीही तलावाच्या ईशान्य काठावरच्या नागाहामा शहरात सणाला शिजतो आणि पाहुण्यांपुढे कौतुकाने येतो तो खाऱ्या पाण्यातला मासा. पदार्थाचं नाव याकिसाबा सोमेन. साबा म्हणजे आपल्या बांगड्याच्या कुळातला, पण आकाराने बराच मोठा मासा. तो आधी निखाऱ्यावर भाजायचा, मग गोडसर सोया रसात शिजवायचा आणि त्याच रसात सोमेन, म्हणजे गव्हाच्या बारीक नूडल्स, मुरवायच्या.

समोर आलेला वाडगा पाहून नवखा माणूस जरा चक्रावतो, कारण नूडल्स म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा वाफाळता रस्सा इथे नसतोच. तळाला तपकिरी रंग चढलेल्या सोमेनचा गुंता, प्रत्येक धाग्यावर रसाची चकाकी आणि वर साब्याचा जाडजूड तुकडा. कातडीवर भाजल्याचे काळे डाग तसेच शिल्लक. चॉपस्टिक लावली की मांसाच्या पाकळ्या सुटतात. बरोबर हिरवी कांद्याची पात किंवा सान्शो नावाच्या झाडाची कोवळी पानं. अनेक घरांत हे सारं चक्क भाताबरोबर तोंडी लावणं म्हणून खातात. भाताला नूडल्स लावून खायला जपानी माणूस कचरत नाही.

समुद्र इथून फार लांब नाही. उत्तरेचे डोंगर ओलांडले की जपानी समुद्राचा वाकासा उपसागर लागतो. तिथला साबा शतकानुशतकं पाठीवरून आणि घोड्यांवरून देशावर येत राहिला. ओबामा बंदरातून क्योतोकडे जाणारी, सत्तरेक किलोमीटरची वाट तर ‘साबा काइदो’, म्हणजे साब्याचा रस्ता, याच नावाने ओळखली जाते. क्योतोला जाणाऱ्या माशाला मीठ लावत. त्याची सुशी त्या शहरात आजही सणासुदीला होते.

पण साबा हा नाजूक जिवाचा मासा. जिवंतपणीच सडायला लागतो, असं जपानी माणसं त्याच्याबद्दल म्हणतात. त्यात अतिशयोक्ती असली तरी कारण खरं आहे: त्याच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य मुबलक असतं आणि मासा उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करून टाकतात. ते खाल्लं की अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवूनही जात नाही. म्हणून घाई किनाऱ्यावरच करावी लागे. मीठ हा एक उपाय, आग हा दुसरा. अख्खा साबा बांबूच्या सळईला टोचून बंदरातच भाजला की पाणी आटतं, कातडी घट्ट होते आणि मासा आणखी काही दिवस तग धरतो. वाकासाच्या बाजारात असे अख्खे भाजलेले साबा आजही विकायला असतात.

आता या माशाच्या प्रवासाचं कारण. बिवाच्या उत्तरेचा मुलूख भातशेतीचा. मे महिना म्हणजे लावणीची धांदल. घरातली सगळी माणसं चिखलात आणि त्यात सर्वांत जास्त ओढाताण नव्या सुनेची, कारण दिवसभर शेतात वाकायचं आणि घरी येऊन चूलही तिनेच पेटवायची. या दिवसांत तिचे आईवडील तिच्या सासरी भाजलेला साबा पाठवत. या रिवाजाला ‘सात्सुकी मिमाइ’ म्हणतात. मे महिन्यातली विचारपूस, असं म्हणा. भेट एकट्या लेकीला नव्हती, सगळ्या घराला होती. तरी त्यात लेकीची सोय बरोबर पाहिलेली होती. कापणं-साफ करणं, भाजणं, धुराने डोळे चोळणं हे सारं आधीच उरकलेलं. तिने फक्त मासा रसात टाकायचा आणि तो शिजला की त्याच भांड्यात सोमेन सोडायचे.

या सोमेनमागचे कष्टही आधीच कुणीतरी उपसलेले असत. नाराजवळचं मिवा हे सोमेनचं जुनं माहेरघर. ह्योगो प्रांतातलं बान्शू आणि शोदोशिमा बेट ही आणखी दोन नावाजलेली ठिकाणं. हाताने ओढलेले सोमेन थंडीत होतात. मिठाच्या पाण्यात गव्हाचं पीठ मळायचं, त्याची जाड दोरी वळायची, वाळू नये म्हणून तेलाचा हात फिरवायचा आणि मुरवत-मुरवत ती ओढत न्यायची. शेवटी दोन दांड्यांवर आठच्या आकड्यासारखी गुंडाळून ताणली की एकेक धागा मिलिमीटरभरच उरतो. आपल्याकडच्या हातशेवयांची ही जपानी बहीणच. मात्र शेवया ताज्या बऱ्या, तर सोमेन जुने झाले की भाव खातात. एक पावसाळा कोठारात काढलेले धागे उकळत्या पाण्यात अधिक ताठ राहतात.

एरवी सोमेन हा उन्हाळ्यातला थंड पदार्थ: बर्फाच्या पाण्यात पांढरेशुभ्र धागे आणि शेजारी बुडवायला रस. नागाहामाने तो गरम रसात घातला आणि त्याचा पांढरा रंग घालवला. चवीच्या हिशेबाने हा सौदा फायद्याचा ठरला. जपानी स्वयंपाकात रसाचा पाया म्हणजे दाशी, बहुधा कोंबू हे समुद्रशेवाळ आणि सुकवलेला कात्सुओ मासा यांचा अर्क. इथे वेगळी दाशी लागत नाही. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या चवीचं मूळ ग्लुटामेटमध्ये शोधलं. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना कात्सुओमध्ये इनोसिनेट सापडलं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते, हे पुढे सिद्ध झालं. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट असतं, साब्यात इनोसिनेट. म्हणजे घाईत केलेल्या या पदार्थात दाशीचं गणित आपोआप जमून जातं.

शेतावरचं हे जेवण शहरात सणाचं ताट झालं. दर एप्रिलमध्ये नागाहामात हिकियामा उत्सव भरतो. सजवलेल्या उंच रथांवर लहान मुलगे काबुकी नाटकं करतात आणि घरोघरी पाहुण्यांना याकिसाबा सोमेन वाढतात. २०१६ मध्ये युनेस्कोने जपानमधल्या ३३ रथोत्सवांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात हा उत्सवही आहे. १९८९ पासून जुन्या काळ्या भिंतींच्या बँकेच्या इमारतीभोवती काचकामाची दुकानं उभी राहिली, पर्यटक येऊ लागले आणि घरातला पदार्थ पाटीवर आला. जुन्या व्यापारी वाड्यातलं ‘योकारो’ हे त्यातलं गाजलेलं नाव.

करून पाहायचा तर चार जणांना दोनेकशे ग्रॅम सोमेन आणि मोठ्या साब्याची एक बाजू पुरे. आपल्याकडे चार ताजे बांगडे घ्यावेत. बांगडा आणि साबा दोघेही स्कॉम्ब्रिडे कुळातले, फक्त बांगड्याला चरबी कमी. मीठ लावून अर्धा तास ठेवा, पुसून कोरडे करा आणि कातडीला डाग पडेपर्यंत निखाऱ्यावर किंवा ग्रिलवर भाजा. त्याच आचेवर कांद्याची जाड पात आणि भोपळी मिरचीच्या फाकी भाजून घ्या. पसरट भांड्यात दोन वाट्या पाणी, चार चमचे जपानी पद्धतीचा सोया सॉस, तीन चमचे साखर आणि आल्याच्या चकत्या उकळा. साके-मिरिन ही जपानी मद्यं मिळाली तर थोडी घाला. मासे त्यात ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजवा आणि अलगद बाहेर काढा.

सोमेन वेगळ्या, भरपूर पाण्यात मिनिटभरच उकळा, म्हणजे थोडे कच्चे राहतील. मग गार पाण्याखाली दोन्ही हातांनी कपडे धुतल्यासारखे चोळून धुवा. हे टाळू नका: पिठातलं मीठ, वरचं तेल आणि चिकट पिष्ट इथेच निघून जातं, न धुतलेले सोमेन रसात पडले की खारट लगदा होतो. निथळलेले धागे माशाच्या रसात दोन मिनिटं परता, रंग चढला की उतरवा. वर मासा, बाजूला भाजलेल्या भाज्या.

सान्शोची पानं आपल्या बाजारात मिळणार नाहीत, पण तिची भावकी आपल्याकडे आहे. सान्शो आणि कोकणातलं तिरफळ ही एकाच झँथोझायलम प्रजातीतली झाडं. मालवणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत तिरफळ पडतं, बिवाकाठी साब्यावर सान्शोचं पान. तेलकट माशाला जिभेवर झिणझिण्या आणणारी हीच जोड दोन किनाऱ्यांनी आपापली शोधून काढली. तेव्हा ठेचलेलं एखादं तिरफळ, बी काढून, रसात टाकायला काहीच हरकत नाही.

याकिसाबा सोमेनची खरी करामत मात्र चवीत नाही, कामाच्या वाटणीत आहे. भाजणारा बंदरावर, ओढणारा मिवात, पाठवणारे माहेरी. दमलेल्या बाईच्या वाट्याला उरली ती अर्ध्या तासाची चूल. म्हणून घरी हा पदार्थ करायचं ठरवलंत तर एवढं पाहा: घरात जी व्यक्ती रोज रांधते, तिने तो करू नये. तिच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी करावा.