पुण्याच्या जुन्या पेठांतून एक फेरी

परदेशीं जाऊन आलेले आपले आप्त इटलींतील जुन्या शहरांचें वर्णन मोठ्या आवडीनें करितात. अमुक चौक पाहिला, तमक्या चर्चची कमान पाहिली, दिवसभर पायीं हिंडलों, असें ते सांगतात व आपण कौतुकानें ऐकतों. परंतु ज्यांच्या दोनतीन पिढ्या सदाशिव-नारायण पेठेंत गेल्या, त्यांपैकीं कितीजणांनीं आपल्या शहराचा मध्यभाग या दृष्टीनें पाहिला आहे? फार थोड्यांनीं, असा आमचा अनुभव आहे. म्हणून या लेखांत आम्ही वाचकांस कसब्यापासून मंडईपर्यंत नेणार आहोंत. अंतर मैलाच्या आसपास आहे, आणि दोन्ही टोकांस आतां भुयारी मेट्रोचीं स्थानकें झालीं असल्यानें घरांतील वडील मंडळींनाही ही फेरी झेपण्याजोगी आहे.

कसबा ही पुण्याची जुनी वस्ती. तेथील गणपतीस ग्रामदैवताचा मान आहे, तेव्हां आरंभ त्याच्या दर्शनानेंच करावा. हें देऊळ जिजाबाईंनीं बांधविलें. दगडी गाभारा आणि त्यापुढें लाकडी सभामंडप, ही जोडी ध्यानांत ठेवावी. दगड आणि लाकूड यांचा हा मेळ पुढें वाटेवर वेगवेगळ्या रूपांनीं भेटेल. जवळच लाल महाल आहे. आजची ही इमारत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नव्यानें उभारलेली आहे, हें मुलांना अवश्य सांगावें.

तेथून शनिवारवाडा कांहीं मिनिटांवर. थोरल्या बाजीरावांनीं १० जानेवारी १७३० रोजीं त्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवारचे. १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगींत आंतील महाल भस्म झाले. बहुतेक प्रेक्षक दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे पाहून परततात. आमची विनंती अशी कीं, आंत जाऊन जोतीं पाहावीं. महाल लाकडाचे होते, ते गेले. जोतीं दगडाचीं होतीं, तीं राहिलीं. त्या जोत्यांवरून चौक कोठें असावा आणि दालन कोठें, हें मुलांनीं ओळखावें. वाड्याचें गणित शिकण्यास याहून चांगली पाटी नाहीं.

तें गणित उभें राहिलेलें पाहावयाचें तर बाजीराव रस्त्यानें दक्षिणेस विश्रामबाग वाड्यापाशीं यावें. दुसऱ्या बाजीरावासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हा वाडा बांधला गेला. दर्शनी सज्जाचे सुरूच्या आकाराचे कोरीव खांब प्रथम डोळ्यांत भरतात. त्यांवरून नजर काढून रचनेकडे पाहावें. खालीं दगडी जोतें, त्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट. भार सारा या सांगाड्यावर असतो. दोन खांबांमधील जागेस खण म्हणतात, आणि घराचा हिशेब खणांनींच होई. कुटुंब वाढलें कीं खण वाढवावे, वांटणी झाली कीं खणांचीच व्हावी. मध्यें चौक ठेविला कीं उजेड, वारा, वाळवणें आणि मुंजीचा मांडव या सर्वांची सोय होई. एकत्र कुटुंबाची राहणी आणि वाड्याची बांधणी यांनीं एकमेकांस असें घडविलें.

या वाड्यांत १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगींत त्याचा कांहीं भाग जळाला, तो पुन्हा बांधण्यांत आला. आणि १९३० पासून १९५९ पर्यंत शहराचा कारभार येथूनच चालला. ज्या वास्तूंत माणसांचा वावर राहिला ती टिकली, हें येथें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. जवळच्या तुळशीबागेंतील राममंदिराचीही तीच गोष्ट. नारो आप्पाजी खिरे यांनीं १७६१ सालीं त्याचें काम आरंभिलें. भोंवतीं बाजाराचा गजबजाट असला तरी देवळाचा नित्यक्रम सुटलेला नाहीं. पुढें मंडई येते. १८८६ ची ही अष्टकोनी, मनोऱ्याची इमारत युरोपीय गॉथिक धर्तीची आहे. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असतांना तिच्या खर्चास त्यांनीं विरोध केला होता, आणि आज ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

येथवर मोठ्या वास्तू झाल्या. परंतु वाटेंत जे लहान, बिननांवाचे वाडे दिसले, ते झपाट्यानें नाहींसे होत आहेत. १९६१ च्या पानशेतच्या पुरानें नदीकांठचे कितीएक वाडे नेले. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं; त्या तुटपुंज्या भाड्यांत मालकास दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूस जागा सोडवेना. जेथें १८४८ सालीं फुले दांपत्यानें मुलींची शाळा काढिली, तो बुधवार पेठेंतील भिडे वाडाही डिसेंबर २०२३ मध्यें स्मारकासाठीं पाडण्यांत आला.

गळक्या छपराखालीं राहून कंटाळलेल्या कुटुंबानें सदनिका पत्करिली, तर त्यास दोष देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. तथापि दुसरा मार्गही आहे. इटलींतील बोलोन्या हें शहर घरांखालून जाणाऱ्या कमानदार ओसऱ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील नगरपालिकेनें १९७३ सालीं जुन्या घरांची दुरुस्ती करून मूळ रहिवाशांस त्याच वस्तींत ठेवण्याची योजना आंखिली. नुसती दर्शनी भिंत राखून भागत नाहीं, आंत चूल पेटती राहिली पाहिजे, हें त्या शहरानें ओळखलें.

असें धोरण एका घराच्या हातचें नाहीं. पण ज्यांच्याकडे अजून वाडा आहे, त्यांना एक गोष्ट सहज करतां येईल. बांधकाम-व्यावसायिकाशीं करार करण्यापूर्वीं एका रविवारीं सर्व भावंडांनीं एकत्र जमावें, खण मोजून नकाशा काढावा, छायाचित्रें घ्यावीं, आणि माजघर, बाळंतिणीची खोली, बळद हीं कोठें होतीं तें आजीला विचारून त्यावर लिहून ठेवावें. वाडा राहो वा जावो, तो कागद घरांत असावा.