गर्दीचे आणि पाटाचे पाणी सारखेच



तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, इंदापूर या वाटेने जाते. बेलवाडीच्या रिंगणाला आपण सहकुटुंब जातो. म्हणून हे चार शब्द.

25 जानेवारी 2005 रोजी वाई तालुक्यात मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे 300 भाविक गेले. वाट अरुंद, पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या. पुढची माणसे घसरली. मागच्यांना पत्ताच नाही, ते रेटतच राहिले. त्यात दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या.

पाटाचे पुढचे दार बंद आणि मागून पाणी चालूच, तर पाट फुटणारच. गर्दीचेही तसेच. अशा दाटीत माणूस बहुधा तुडवून मरत नाही. छाती दाबून श्वास कोंडतो.

तेव्हा संयोजकांनी येण्याची व जाण्याची वाट वेगळी ठेवावी. पुढे दाटी दिसली की मागची माणसे लांबच थांबवावीत. आपण सापडलोच तर हात छातीपुढे धरावेत, रेट्याला उलटे भिडू नये, रेटा ओसरला की तिरपे कडेला सरकावे. लेकरू उचलून घ्यावे. पडलेली चप्पल उचलायला वाकू नये.

चप्पल दुसरी मिळते, घरचे माणूस मिळत नाही.