ईश्वर : प्रमाण कीं श्रद्धा ?

ईश्वर आहे असें आपण मानतों तें कशाच्या आधारावर ? हायस्कुलांत शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनांत हा प्रश्न केव्हांना केव्हां उभा राहतोच. सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं ईश्वराचें नांव घ्यावयाचें, आणि पुढच्याच तासाला, पुराव्यावांचून कोणतीहि गोष्ट खरी मानूं नये, हा शास्त्राचा धडा शिकावयाचा. या दोहोंचा मेळ कसा घालावा हें न उमजून कांहीं मुलें आपली शंका मनांतल्या मनांत दडपून टाकतात. तर कांहीं उतावळेपणानें सर्व श्रद्धेलाच भोळेपणा ठरवून मोकळीं होतात. पहिल्यांची श्रद्धा पोपटाच्या पाठांतरासारखी राहते, आणि दुसऱ्यांचा बुद्धिवादहि पुष्कळदां उसनवारीचाच असतो. म्हणून प्रमाण म्हणजे काय, श्रद्धा म्हणजे काय, आणि ईश्वराविषयींच्या विचारांत प्रत्येकीचें क्षेत्र कोठपर्यंत आहे, हें शांतपणें पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम प्रमाणाचा विचार करूं. आपल्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं साधनें चार मानिलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनीं धूर दिसतो हें प्रत्यक्ष; धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नि असावा हें अनुमान; माहीत असलेल्या वस्तूच्या साम्यावरून नवी वस्तु ओळखणें हें उपमान; आणि विश्वासू मनुष्याच्या सांगण्यावरून कळणें हा शब्द. ज्यानें काशी पाहिली नाहीं तोहि काशी आहे हें निःशंकपणें मानतो, तें या चौथ्या साधनाच्या बळावर. यावरून हें ध्यानांत येईल कीं, 'डोळ्यांना दिसेल तेवढेंच खरें' हें म्हणणें शास्त्राचेंहि नव्हे आणि व्यवहाराचेंहि नव्हे.

अनुमानाचें सामर्थ्य किती आहे हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसतें. युरेनस ग्रह गणितानें ठरलेल्या मार्गापासून किंचित् ढळतो असें ज्योतिष्यांना आढळलें. त्यावरून फ्रान्समधील लव्हेर्ये या गणित्यानें, पलीकडे दुसरा एखादा ग्रह असून तो यास ओढीत असला पाहिजे, असें अनुमान केलें व त्याची जागाहि गणितानें काढली. ता. २३ सप्टेंबर १८४६ रोजीं बर्लिन येथें गाले यानें दुर्बीण लावून पाहिलें, तों सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्याहि आंत नेपच्यून सांपडला. परंतु याच गोष्टीचा उत्तरार्धहि ऐकण्यासारखा आहे. बुध ग्रहाच्या गतींतहि थोडा फरक दिसत होता. तेव्हां १८५९ सालीं त्याच लव्हेर्येनें, सूर्याजवळ आणखी एक ग्रह असला पाहिजे, असें त्याच पद्धतीनें अनुमान केलें. त्या ग्रहास 'व्हल्कन' असें नांवहि मिळालें. पण ग्रह कांहीं सांपडला नाहीं. पुढें १९१५ सालीं आइन्स्टाइन यांच्या नव्या सिद्धांतानें बुधाच्या गतीचा उलगडा त्या ग्रहावांचूनच झाला. पद्धति एक, गणिती एक. एकदां अनुमान खरें ठरलें, एकदां खोटें. तात्पर्य, अनुमान कितीहि सुंदर असलें तरी शेवटीं दुर्बीण लावून पाहावेंच लागतें.

आतां हीच पद्धति ईश्वराविषयीं लावतां येईल काय ? तसा प्रयत्न थोर थोर बुद्धिमंतांनीं केला आहे. सुमारें हजार वर्षांपूर्वीं उदयनाचार्यांनीं 'न्यायकुसुमांजलि' हा ग्रंथ याच कामासाठीं रचिला. मडकें हें कार्य आहे म्हणून त्याला कुंभार लागतो. तसेंच जग हेंहि कार्य असल्यामुळें त्याला कर्ता असला पाहिजे, अशी या पक्षाची मुख्य युक्ति आहे. युरोपांत तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस यांनीं ईश्वर आहे हें दाखविणारे पांच मार्ग सांगितले. आणि १८०२ सालीं पेले यांनीं घड्याळाचा दृष्टांत घेऊन, रचना आहे तेथें रचणारा आहे, असें प्रतिपादन केलें.

पण या युक्तींना उत्तरेंहि तितक्याच थोर लोकांनीं दिलीं आहेत. वेदांस सर्वस्वीं प्रमाण मानणारे मीमांसक कुमारिलभट्ट यांनींच सृष्टिकर्त्याच्या कल्पनेवर आक्षेप घेतला. कुंभाराला हातपाय असतात, तर जगाच्या कर्त्याला शरीर होतें काय ? आणि तो दयाळु असेल तर त्यानें दुःखानें भरलेलें जग कां निर्मिलें ? १८५९ सालीं डार्विन यांनीं, प्राण्यांच्या शरीरांतील रचना निसर्गाच्या निवडीनें हळूहळू कशी घडून येते, हें दाखविल्यावर पेले यांच्या घड्याळाचा जोर पुष्कळ कमी झाला. त्यापूर्वींच १७८१ सालीं जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें असें दाखविलें होतें कीं, केवळ तर्कानें ईश्वर सिद्ध करतां येत नाहीं. परंतु त्याच तर्कानें ईश्वर नाहीं असेंहि सिद्ध करतां येत नाहीं. पुष्कळ लोक या वाक्याचा आपल्या सोयीचा अर्धा भाग तेवढा लक्षांत ठेवतात.

डार्विन यांच्याच संबंधांतली एक गोष्ट येथें बोधप्रद आहे. उतारवयांत ते आपणांस अज्ञेयवादी म्हणवीत. उलटपक्षीं, त्यांचे अमेरिकेंतील स्नेही आणि मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे डार्विन यांच्या मताचे कट्टे पुरस्कर्ते असूनहि अखेरपर्यंत श्रद्धावान् ख्रिस्ती राहिले. दोघांपुढें पुरावा एकच होता, दोघेहि प्रामाणिक होते, आणि दोघांचा निर्णय मात्र भिन्न झाला. यावरून सृष्टीतला पुरावा ईश्वराकडे बोट दाखवूं शकेल, पण कोणाचा हात धरून त्याला ओढीत नेणार नाहीं, एवढें निश्चित होतें. दुर्बीण लावून दाखवावा असा ईश्वर हा आकाशांतील आणखी एक ग्रह नव्हे.

मग श्रद्धा म्हणजे काय ? जेथें पुरावा संपतो तेथें डोळे मिटून उडी घेणें म्हणजे श्रद्धा, असा समज सर्वत्र पसरला आहे; परंतु तो अपुरा आहे. खेडेगांवांत मुलगा विहिरींत पोहावयास शिकतो, तेव्हां त्याच्या पाठीस वाळलेला भोपळा बांधतात. भोपळा तरंगतो हें त्यानें काठावरून शंभर वेळां पाहिलेलें असतें. त्याविषयीं त्याला पुरावा नको असतो. तरीहि काठ सोडतांना त्याची छाती धडधडते; कारण भोपळा तरंगतो हें जाणणें निराळें, आणि त्याच्या भरंवशावर आपला देह पाण्यावर टाकणें निराळें. पहिलें ज्ञान होय; दुसरी श्रद्धा होय. भोपळा न पाहतांच उडी घेणारा मुलगा श्रद्धावान् नव्हे, अविचारी आहे. आणि जन्मभर काठावर बसून भोपळ्याची परीक्षा करणारा कितीहि शहाणा असला, तरी त्याला पोहतां येणार नाहीं.

शुभवर्तमानांत थोमा नांवाच्या शिष्याची कथा आहे. प्रभु पुनः उठला हें इतर शिष्यांचें सांगणें त्याला पटेना. जखमांच्या खुणा स्वतः पाहून त्यांत बोट घातल्यावांचून मानणार नाहीं, असें तो म्हणाला. या शंकेबद्दल त्याला शिष्यमंडळींतून हांकलून दिलें नाहीं. प्रभु त्याच्यापुढें आला व त्यानें त्याला पाहावयास सांगितलें. न पाहतां विश्वास ठेवणारे धन्य होत, असेंहि त्या ठिकाणीं म्हटलें आहे खरें. परंतु विचारणाऱ्याला झिडकारलें नाहीं, ही गोष्ट विसरतां कामा नये.

या दोन शक्तींची ओढाताण एकाच मनुष्याच्या आयुष्यांत पाहावयाची असल्यास पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचें चरित्र वाचावें. हे चित्पावन ब्राह्मण कुळांत १८२५ सालीं जन्मले व काशीस विद्वान् म्हणून नांवाजले. जॉन म्यूर या इंग्रज सरकारच्या सेवेंतील संस्कृतज्ञानें १८३९ सालीं 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध करून, धर्माची परीक्षा बुद्धीनें करावी, असा पक्ष मांडला होता. त्यास तरुण नीळकंठशास्त्र्यांनीं 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिलें. शास्त्रावर आधीं श्रद्धा असावी आणि बुद्धीनें तिच्या मागून चालावें, अशी त्यांची भूमिका होती. परंतु खंडनासाठीं म्हणून ज्या पुस्तकांचा त्यांनीं अभ्यास केला, त्यांनींच त्यांच्या मनांत घर केलें. १८४८ सालीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. पुढें त्यांनीं 'षड्दर्शनदर्पण' हा ग्रंथ लिहून सहा दर्शनांची तर्कानें चिकित्सा केली. पंडिता रमाबाईंच्या विचारांवर त्यांच्या लेखांचा मोठा परिणाम झाला. असें असूनहि संशयानें त्यांचा पाठलाग कधीं पुरता सोडला नाहीं. ज्या तीक्ष्ण बुद्धीनें त्यांना मार्ग दाखविला तीच त्यांना मधून मधून टोंचीत असे. तरी पावलें त्यांनीं थांबविलीं नाहींत. संशय असणें आणि श्रद्धा नसणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें या चरित्रावरून उमगतें.

१८९५ सालीं मुंबईंत रेव्हरंड गोऱ्हे वारले. त्याच वर्षीं फेब्रुवारींत कवि नारायण वामन टिळक यांनीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. तेहि कोणा पंडिताच्या सिद्धांतानें जिंकले गेले नव्हते. आगगाडींतील एका सहप्रवाशानें दिलेलें बायबल वाचतां वाचतां, डोंगरावरील प्रवचनानें त्यांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. आणि त्याच वर्षीं जूनमध्यें गोपाळ गणेश आगरकर निवर्तले. ईश्वराविषयीं पुरेसें प्रमाण नाहीं, म्हणून त्यांनीं तो आहे असें म्हटलें नाहीं. पण सत्यासाठीं आणि समाजाच्या हितासाठीं दारिद्र्य व लोकनिंदा आनंदानें सोसली. एक तर्कानें शोधीत गेला, एक प्रेमानें ओढला गेला, एक प्रामाणिकपणें थांबला. तिघांपैकीं कोणींहि खोटें बोलून आपली सोय पाहिली नाहीं. श्रद्धावंतानें आगरकरांसारख्यांचा उपहास करूं नये, आणि बुद्धिवाद्यानें टिळकांना भोळे समजूं नये.

आतां सर्वांत कठीण आक्षेप राहिला, तो दुःखाचा. घरांतलें लहान मूल आजारानें दगावतें, तेव्हां आईला उदयनाचार्यांची युक्ति ऐकवून काय उपयोग ? येथें तर्क थिटा पडतो हें मान्य केलें पाहिजे. बायबलांतील ईयोबाची कथा या बाबतींत फार प्रामाणिक आहे. त्याचे मित्र त्याच्या दुःखाची कारणें मोठ्या पांडित्यानें सांगतात, आणि शेवटीं दोष येतो तो त्या मित्रांवर. देवाला उघड उघड जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे. दुःख कां, याचें उत्तर त्यालाहि मिळत नाहीं. देव भेटला एवढेंच त्याला मिळतें, आणि तेवढ्यावर तो शांत होतो. ज्यास हें पटत नाहीं त्याच्याशीं वाद घालण्यापेक्षां दुःखिताच्या उशाशीं बसणें हेंच श्रद्धेचें अधिक चांगलें प्रमाण होय.

तर मग प्रश्नाचें उत्तर काय ? आमच्या मतें, प्रमाण हें श्रद्धेच्या दारापर्यंत पोहोंचविणारी वाट आहे. उंबरठा ओलांडणें हें ज्याचें त्यानें करावयाचें असतें. वाटेवांचून दाराशीं जाण्याचा हट्ट धरणारा ठेंचकाळतो व कोणत्याहि भोंदूच्या दारीं जाऊन पडतो. वाटेवरच मुक्काम करणारा घराबाहेर राहतो. आणि ओलांडणें योग्य झालें कीं नाहीं याची कसोटी पुढच्या आयुष्यांत लागते. झाडाची ओळख फळांवरून होते. जी श्रद्धा मनुष्याला अधिक खरें बोलावयास, अधिक नम्र व्हावयास आणि शेजाऱ्याच्या उपयोगीं पडावयास लावते, तिच्या बाजूनें रोज एक नवा साक्षीदार उभा राहतो. जी त्याला गर्विष्ठ व क्रूर करते, तिच्या बाजूनें कितीहि ग्रंथ असले तरी ते व्यर्थ होत.

विद्यार्थ्यांनो, शंका आली तर घाबरूं नका. ती आपल्या वडीलधाऱ्यांना व शिक्षकांना मोकळेपणानें विचारा, आणि उत्तरासाठीं धीर धरा. पालकांसहि विनंति आहे कीं, मुलानें 'देव कशावरून ?' असें विचारल्यास त्यास उद्धट म्हणून गप्प बसवूं नये. उत्तर ठाऊक असेल तर द्यावें. नसेल तर 'मलाहि ठाऊक नाहीं, आपण मिळून शोधूं' असें म्हणावें. ज्या घरांत असा प्रश्न विचारतां येतो, त्या घरांतली प्रार्थना मुलाच्या मनांत खोल रुजते.