सेप्सिसवरील उपचार आणि ग्रामीण आरोग्यव्यवस्था : गडचिरोलीचा अनुभव व जालना जिल्हा

प्रस्तावना :
जंतुसंसर्गाचा प्रतिकार करताना शरीराची प्रतिक्रियाच बेताल होते आणि त्यामुळे महत्त्वाच्या अवयवांचे कार्य बिघडून जिवाला धोका उत्पन्न होतो, त्या अवस्थेस सेप्सिस असे म्हणतात. नवजात बालकांच्या संदर्भात ही संज्ञा काहीशी व्यापक अर्थाने, म्हणजे रक्तात पसरलेल्या गंभीर जंतुसंसर्गासाठी वापरली जाते. 2017 या वर्षात जगभरात सेप्सिसचे सुमारे 4 कोटी 89 लाख रुग्ण व 1 कोटी 10 लाख मृत्यू झाल्याचा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. जगातील एकूण मृत्यूंचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होय. यातील बहुतांश भार अल्प साधने असलेल्या देशांवर पडतो. अशा प्रदेशात सेप्सिसवरील उपचार कसे सुधारावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

काळाचे महत्त्व :
सेप्सिसमध्ये उपचारास होणारा विलंब हाच सर्वांत मोठा शत्रू असतो. नवजात बालकाला ताप येईलच असे नाही. उलट अनेकदा त्याचे अंग गार पडते. दूध ओढणे मंदावणे, रडणे क्षीण होणे, हातपाय ढिले पडणे, श्वास जलद चालणे, छाती आत ओढली जाणे, नाळेतून पू येणे या खुणा प्रयोगशाळेशिवायही ओळखता येतात. मात्र त्या पाहणारी व त्यांचा अर्थ जाणणारी व्यक्ती घरापर्यंत पोहोचली पाहिजे. खूण दिसल्यापासून प्रतिजैविकाची पहिली मात्रा मिळेपर्यंत किती वेळ जातो, यावर बालकाचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते.

गडचिरोलीचा प्रयोग :
या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील 39 गावांत गृहाधारित नवजात सेवा सुरू केली आणि 47 गावे तुलनेसाठी निवडली. गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. त्या घरोघरी जाऊन बालकांची तपासणी करीत. सेप्सिसच्या एकाहून अधिक खुणा एकत्र दिसल्यास प्रथम रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला जाई. कुटुंब जाण्यास तयार नसल्यास पालकांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे कोट्रायमोक्साझोल दिले जाई.

1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्क्यांनी घटला. सेप्सिस झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले. हे यश महागड्या यंत्रसामग्रीचे नव्हते. रोग ओळखणारी आणि औषध देणारी व्यक्ती एकच होती व ती गावातच होती, हे त्याचे मर्म होय.

राष्ट्रीय धोरण आणि त्यातील दुवा :
2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आली व 2011 पासून गृहाधारित नवजात सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. संस्थेत प्रसूती झाल्यास जन्मानंतरच्या 42 दिवसांत सहा व घरी प्रसूती झाल्यास सात गृहभेटी ठरविण्यात आल्या. मात्र इंजेक्शन देण्याचे काम आशांकडे सोपविले गेले नाही. 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा आरोग्यसेविकेस मिळाली. संदर्भसेवेपूर्वीची पहिली मात्रा देणे आणि कुटुंब रुग्णालयात जाण्यास तयार नसल्यास पुढील उपचार करणे, अशी ही तरतूद आहे. परिणामी ओळखणारा हात आणि औषध देणारा हात वेगळे झाले. त्या दोन हातांमधील अंतर कमी करणे हाच आता खरा प्रश्न आहे.

जालना जिल्ह्याचा विचार :
1 मे 1981 रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात आठ तालुके असून 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 19.6 लाख आहे. त्यापैकी दर पाचांतील चार लोक ग्रामीण भागात राहतात. मंठा, परतूर, जाफराबाद या तालुक्यांतील गावांना जिल्ह्याचे ठिकाण दूर पडते. ऊसतोडीसाठी कुटुंबे स्थलांतर करतात, तेव्हा गृहभेटींची साखळी तुटते. ऑक्टोबर 2024 मध्ये जालना येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले, ही निश्चितच मोठी भर आहे. तथापि बालक तेथे पोहोचेपर्यंत पहिली मात्रा मिळाली नसेल, तर त्या सोयीचा लाभ अपुराच राहतो.

सावधगिरीची गरज :
संपन्न देशांतील उपचारपद्धती जशीच्या तशी उचलणेही धोक्याचे ठरते. केनिया, युगांडा व टांझानिया येथील 3,141 आजारी बालकांवरील, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिरेतून वेगाने द्रव दिलेल्या गटांत मृत्यू कमी न होता वाढले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या झांबियातील प्रौढ रुग्णांच्या अभ्यासातही असेच दिसून आले. दिल्लीतील तीन रुग्णालयांच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात बालकांतील अनेक जंतू बऱ्याच प्रतिजैविकांना दाद देत नसल्याचे आढळले. म्हणून औषध लवकर देण्याइतकेच ते योग्य मात्रेत, पूर्ण मुदतीपर्यंत व गरजेपुरतेच देणे आवश्यक आहे. हात धुणे, स्वच्छ प्रसूती व स्तनपान यांनी संसर्गच टाळणे हा तर सर्वांत स्वस्त उपाय होय.

निष्कर्ष :
जालन्यासारख्या जिल्ह्यात सुधारणेची दिशा पुढीलप्रमाणे असावी. प्रत्येक उपकेंद्रात जेंटामायसिन, सिरिंज व वजनकाटा कायम उपलब्ध असावा. आशाने कळविताच आरोग्यसेविकेने पहिली मात्रा देऊन बालकास पुढे पाठवावे. स्थलांतरित कुटुंबातील बालकाची माहिती कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रास आगाऊ कळवावी. प्रत्येक नवजात मृत्यूच्या चौकशीत पहिली खूण दिसल्याची वेळ व पहिल्या मात्रेची वेळ नोंदवावी. या दोन वेळांमधील अंतर नोंदीत आल्याशिवाय विलंब नेमका घरी, रस्त्यात की दवाखान्यात झाला हे कळणार नाही. आणि ते कळल्याशिवाय तो दूरही करता येणार नाही.