पुळणीवरील धातुशोधन

समुद्राच्या लाटांमुळे सतत रूप पालटणाऱ्या पुळणीत गाडली गेलेली नाणी, दागिने व धातूच्या अन्य वस्तू विद्युत् उपकरणाच्या साहाय्याने शोधून काढण्याची क्रिया. अनेक देशांत ती एक छंद म्हणून प्रचलित आहे. तथापि जुन्या जहाजबुडीच्या परिसरात तिचा संबंध पुरातत्त्वविद्येशी व कायद्याशीही येतो. या कामी उपकरणापेक्षा पुळणीच्या स्वभावाचे ज्ञान अधिक उपयोगी पडते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडा राज्याचा पूर्व किनारा हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

स्पेनच्या वसाहतींतील सोने-चांदी घेऊन हवाना बंदरातून जुलै १७१५ मध्ये बारा जहाजांचा काफिला स्वदेशी निघाला. हूआन एस्तेबान दे उबिया हा त्याच्या प्रमुखांपैकी एक होता. ३१ जुलैच्या पहाटे हरिकेन वादळात सापडून अकरा जहाजे फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर फुटली. ग्रिफॉन हे फ्रेंच जहाज तेवढे वाचले. या आपत्तीत सुमारे हजार माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्यांनी किनाऱ्यावरच तळ ठोकला आणि पुढे स्पॅनिश अधिकाऱ्यांनी पाणबुडे लावून संपत्तीचा मोठा भाग वर काढला. १७१६ मध्ये हेन्री जेनिंग्झ याच्या टोळीने या तळावर छापा घालून तेथील चांदी लुटली. उरलेले धन वाळूखाली गेले व ती जागा हळूहळू विस्मृतीत गेली.

विसाव्या शतकाच्या मध्यास किप वॅग्नर या घरबांधणीच्या कंत्राटदाराला सेबॅस्चन खाडीमुखाजवळच्या पुळणीवर वादळानंतर जुनी नाणी मिळू लागली. ती हातोड्याने ठोकून पाडलेली, वेड्यावाकड्या कडांची होती; चांदीची नाणी तर काळवंडून सामान्य दगडासारखी दिसत. त्यांपैकी एकावरही १७१५ नंतरचे वर्ष नाही, हे त्याच्या ध्यानात आले. त्याचे स्नेही डॉ. केल्सो यांना बर्नार्ड रोमन्स याच्या १७७५ सालच्या ग्रंथात या जहाजबुडीच्या स्थळाचा निर्देश आढळला. महायुद्धानंतर विक्रीस निघालेला एक सैनिकी धातुशोधक घेऊन वॅग्नरने पुळणीमागील भाग तपासला व स्पॅनिशांच्या तळाची जागा हुडकून काढली. समुद्रातील अवशेषांचा शोध त्यानंतर लागला. या साऱ्या प्रकरणात नशिबाचा वाटा लोक समजतात त्याहून कमी आहे.

पुळणीची हालचाल : शांत ऋतूत लांब व सखल लाटा वाळू किनाऱ्याकडे लोटतात आणि पुळण रुंद व उंच होते. वादळातील उंच, तीव्र उताराच्या लाटा याच्या उलट कार्य करतात : त्या वाळू ओढून नेऊन किनाऱ्यापासून काही अंतरावर दांड्याच्या रूपाने साठवितात, पुळणीची पातळी एखाद्या रात्रीत एक मीटर किंवा त्याहूनही अधिक खाली जाते आणि वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी उभा कडा तयार होतो. क्वॉर्ट्झ वाळूचे विशिष्ट गुरुत्व सु. २·६५, चांदीचे १०·५ व सोन्याचे १९·३ असते. त्यामुळे वाळू वाहून गेली, तरी नाणी सहसा मागे राहतात व चिकणमातीच्या अथवा शिंपल्यांच्या कठीण थरावर साचतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील इल्मेनाइटयुक्त काळ्या वाळूचे पट्टे जड कणांच्या अशाच निवडीतून बनले आहेत. वादळ ओसरल्यावर वाळू परतू लागते व उघडा पडलेला थर काही भरत्यांतच पुन्हा झाकला जाऊ शकतो. नोव्हेंबर १९८४ चे वादळ आणि सप्टेंबर २००४ मधील फ्रान्सिस व जीन ही हरिकेन वादळे फ्लॉरिडातील शोधकांच्या स्मरणात राहिली ती यामुळेच. धूप रोखण्यासाठी समुद्रतळाची वाळू उपसून पुळणीवर पसरण्याची पद्धत तेथे रूढ आहे. किनाऱ्यावरील घरांना तिने संरक्षण मिळते. जुना थर मात्र अधिकच खोल गाडला जातो.

उपकरण : धातुशोधकाच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाह जात असता बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यामुळे जवळच्या धातूत भोवरी प्रवाह प्रवर्तित होतात आणि त्यांचे दुय्यम क्षेत्र ग्राहक वेटोळ्यास जाणवते. अलेक्झांडर ग्रेअम बेल यांनी १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी याच तत्त्वाचा अवलंब केला होता. तो प्रयत्न फसला. पुळणीवर मुख्य अडचण खाऱ्या पाण्याची असते. ओली खारी वाळू स्वतःच विद्युत् संवाहक असल्याने खोटे संकेत देते व काळ्या वाळूतील चुंबकीय खनिजे त्यांत भर घालतात. स्पंद-प्रवर्तन पद्धतीत प्रवाहाचे अत्यल्प काळाचे स्पंद सोडून ते थांबल्यानंतरचा प्रतिसाद मोजतात. खाऱ्या पाण्याचा प्रतिसाद झटकन विरतो, धातूचा काहीसा टिकतो. मात्र या पद्धतीत लोखंडी खिळा व नाणे यांतील भेद नीट कळत नाही, त्यामुळे पुष्कळ निरर्थक खोदाई करावी लागते. कोणतीही पद्धत वापरली, तरी एकटे नाणे साधारणतः २०–३० सेंमी.पेक्षा फार खोल असल्यास हाती लागत नाही. मीटरभर वाळू दूर करणे हे काम समुद्राचेच.

स्थान व कायदा : पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने नाण्याइतकेच ते कोठे, कोणत्या थरात व कशाच्या शेजारी मिळाले यास महत्त्व असते. लाटांनी विखुरलेल्या नाण्याचे मूळ स्थान बहुधा आधीच हरवलेले असते. परंतु तळाच्या जागी वा टेकडीच्या अविचल थरात ते टिकून असते आणि तेथे बेफिकीर खोदकाम झाल्यास झालेली हानी भरून निघत नाही. नोंदीचे महत्त्व एका फौजदारी प्रकरणातही दिसून आले. या काफिल्याची २०१५ मध्ये बाहेर काढलेली सुमारे ५० सुवर्णनाणी चोरीस गेली होती. त्यांपैकी ३७ परत मिळाल्याचे २०२४ मध्ये फ्लॉरिडाच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले. चोरलेल्या नाण्यांपैकी काही २०१६ मध्ये समुद्रतळावर ठेवून ती नव्याने सापडल्याचा देखावा करण्यात आल्याचेही तपासात निष्पन्न झाले.

फ्लॉरिडात राज्याच्या मालकीच्या जलमग्न भूमीवरील ऐतिहासिक वस्तूंवर राज्याचा हक्क असतो, म्हणून पाण्यात शोध घेण्यास परवाना लागतो. कोरड्या पुळणीवर स्थानिक नियम लागू होतात. भारतात १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. दहा रुपयांची ही मर्यादा अर्थातच त्या काळची. संरक्षित पुरातत्त्वीय स्थळी परवानगीवाचून उत्खनन करण्यास १९५८ च्या अधिनियमाने मनाई केली असून, किनाऱ्यावरील संरक्षित किल्ल्यांच्या आवारासही ती लागू होते.