समुद्रावरील बिऱ्हाड

मनुष्यानें जमिनीवर घर बांधावें आणि कामापुरतें समुद्रावर जावें, हा जगाचा सामान्य रिवाज आहे. आपल्या कोंकणपट्टींतील कोळी बांधवही मासळी घेऊन घरीं परततात, आणि पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवितात. परंतु हा रिवाज उलटा फिरविणारीं कांहीं माणसें आहेत. तीं राहतें घर विकून शिडाचें एक लहानसें गलबत घेतात, त्यांतच संसार मांडतात, आणि वर्षानुवर्षें एका बंदरांतून दुसऱ्या बंदरांत जात राहतात. यास वेड म्हणावें, कीं विचारपूर्वक स्वीकारलेला जीवनक्रम म्हणावा? या प्रश्नाचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या मार्गाचा आद्य प्रवासी म्हणून कॅप्टन जोशुआ स्लोकम याचें नांव घेतात. त्याचा जन्म 1844 सालीं कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत झाला. शिडाच्या मोठ्या जहाजांवर त्याचें आयुष्य गेलें. त्याची पत्नी व मुलेंही जहाजावरच राहत. पुढें आगबोटींचा काळ आला आणि शिडाच्या कप्तानास काम मिळेनासें झालें. तेव्हां एका मित्रानें देऊं केलेलें, शेतांत पडून असलेलें एक जीर्ण गलबत त्यानें तेरा महिने खपून जवळजवळ नवेंच बांधिलें. सामानास 553 डॉलर 62 सेंट खर्च आला. ‘स्प्रे’ नांवाचें हें सुमारें 37 फूट लांबीचें गलबत घेऊन तो 24 एप्रिल 1895 रोजीं बोस्टनहून एकटाच निघाला, आणि 46,000 मैलांचा प्रवास करून 27 जून 1898 रोजीं न्यूपोर्ट येथें पोंचला. एकट्यानें केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय. मात्र 1909 सालीं तो पुन्हां समुद्रावर गेला तो परत आला नाहीं.

स्लोकमनंतर कित्येकांनीं तो मार्ग धरिला. एरिक व सुसान हिस्कॉक या इंग्रज दांपत्यानें 30 फुटी ‘वाँडरर तिसरी’ या गलबतांतून 1952 ते 1955 आणि 1959 ते 1962 अशा दोन पृथ्वीप्रदक्षिणा केल्या, आणि पुढें जमिनीवरील घर सोडून गलबतावरच कायमचें बिऱ्हाड केलें. लॅरी व लिन पार्डी या जोडप्यानें 24 फुटांचें ‘सेराफिन’ आपल्या हातांनीं बांधून 1968 सालीं पाण्यांत लोटिलें. त्यांत इंजिन मुळींच नव्हतें. वाटेंत इतरांचीं गलबतें दुरुस्त करून आणि लेख लिहून तीं दोघें आपलें पोट भरीत.

आतां या संसाराचा जमाखर्च पाहूं. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. गलबतावर राहूं इच्छिणाऱ्यास तो अक्षरशः लागू पडतो.

पहिला हिशेब पाण्याचा. पिण्यास व रांधण्यास माणशीं रोज चार लिटर धरिले, तर दोघांस तीस दिवसांकरितां 240 लिटर पाणी लागतें. स्नान व कपडे धुणें खाऱ्या पाण्यानेंच उरकावें लागतें. खारें पाणी गोडें करणारीं यंत्रें आतां मिळतात; परंतु यंत्र बिघडल्यास काय, हा प्रश्न राहतोच. म्हणून शहाणा नाविक पावसाचें पाणीही कापडांत धरून सांठवितो.

दुसरा हिशेब वेळेचा. लहान गलबताचा वेग ताशीं पांच सागरी मैल, म्हणजे सायकलीहूनही कमी. तथापि तें रात्रंदिवस चालतें, म्हणून दिवसास 120 सागरी मैल तोडतें. कॅनरी बेटांपासून वेस्ट इंडीज बेटें सुमारें 2,700 सागरी मैल आहेत. तेथें पोंचण्यास बावीसतेवीस दिवस लागतात. या अवधींत वैद्य नाहीं, बाजार नाहीं, शेजारी नाहीं. वाऱ्याच्या बळावर आपोआप सुकाणू धरणारी युक्ति निघाली असली, तरी दोघांपैकीं एकानें रात्रीं जागें राहून पहारा करावाच लागतो. कारण मोठ्या आगबोटीस लहान गलबत दिसेलच असें नाहीं.

तिसरा हिशेब ऋतूंचा. उत्तर अटलांटिकांत जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ. आपल्या अरबी समुद्रांत जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारे खवळतात. मनुष्यास घाई असली तरी वाऱ्यास नसते. म्हणून अर्धें वर्ष एखाद्या सुरक्षित बंदरांत नांगर टाकून बसावें लागतें.

चौथा हिशेब पैशाचा. घरभाडें वांचतें, पण खारें पाणी व ऊन हे नित्याचे सावकार आहेत. शिडें फाटतात, दोर झिजतात, तळास शेवाळ व कालवें चिकटतात. गलबताच्या किंमतीचा दशांश दरवर्षीं डागडुजीस बाजूस काढावा, असा नाविकांचा ढोबळ आडाखा आहे.

परंतु सर्वांत कठीण हिशेब निराळाच आहे. 1968 सालीं न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची एक शर्यत झाली. नऊजण निघाले, पुरी केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यानें, 312 दिवसांत. त्याचें 32 फुटी ‘सुहैली’ गलबत आपल्या मुंबईंतच सागवानी लांकडाचें बांधलेलें होतें. याच शर्यतींत बर्नार्ड म्वातेसिए हा फ्रेंच नाविक होता. दक्षिण अमेरिकेचें टोंक ओलांडल्यावर त्यानें युरोपास परत येण्याचें नाकारिलें, आणि पुढें जातच राहून जून 1969 मध्यें तो ताहिती बेटास पोंचला. त्याची पत्नी घरीं होती. कीर्ति व पारितोषिक सोडण्याचें त्याचें वैराग्य थोर खरें. पण ज्या निश्चयाची किंमत दुसऱ्यास द्यावी लागते, तो निश्चय एकट्यानें करण्याचा अधिकार कोणास आहे? हिस्कॉक व पार्डी यांच्या संसारांत ही अडचण नव्हती, कारण तेथें दोघांचेंही मन एक होतें.

मुलें असल्यास जबाबदारी वाढते. गलबतावरील मुलें आईबापांपाशीं व टपालानें आलेल्या धड्यांवरून शिकतात. नकाशा, तारे व वारे हीं त्यांस सहज कळतात. परंतु सवंगडी मिळाले कीं लगेच दुरावतात, ही उणीव कोणत्याही पुस्तकानें भरून निघत नाहीं. म्हणून जाणते नाविक सांगतात कीं, घर विकण्यापूर्वीं एक ऋतु गलबतावर राहून पाहावें. जो अधिक नाखूष असेल त्याचें आधीं ऐकावें. आणि परतीची वाट मोकळी ठेवावी.

आमच्या मतें, कर्जास, भांडणास किंवा कंटाळ्यास भिऊन जो समुद्रावर जातो, त्याच्याबरोबर तीं तिन्ही गलबतांत चढतात. जो कमी वस्तूंत समाधान मानण्यास, स्वतःच्या हातानें काम करण्यास आणि दोघांच्या संमतीनें चालण्यास शिकला आहे, त्यालाच हें बिऱ्हाड मानवतें. हे तीन गुण मिळविण्यास मात्र समुद्र लागत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकजण जमिनीवरच राहतील. तेथेंही त्यांस त्यांची गरज पडल्यावांचून राहणार नाहीं.