ऐकू येते, पण कळत नाही

माझा मुलगा तिसरीत असताना त्याच्या प्रगतिपुस्तकात एक शेरा आला होता : ‘वर्गात लक्ष देत नाही.’ घरी आम्हीही त्याला रागावलो. मी स्वतः ध्वनिशास्त्रात संशोधन करते, तरी खरे कारण माझ्या ध्यानात आले ते वर्षअखेरीस, त्याची शुद्धलेखनाची वही चाळताना. वहीतल्या चुका वाटेल तशा नव्हत्या. ‘फळ’च्या जागी ‘पळ’, ‘थाप’च्या जागी ‘ताप’, ‘शाल’च्या जागी ‘साल’, ‘झाडास’च्या जागी ‘झाडात’. काना-मात्रा मात्र बहुतेक ठिकाणी बरोबर होत्या. तारखा पाहिल्या तर सर्दी-खोकल्याच्या दिवसांत चुका वाढत होत्या आणि नंतर कमी होत होत्या. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा दोन्ही कानांच्या पडद्यांमागे द्राव साठलेला आढळला. मुलगा दुर्लक्ष करत नव्हता. त्याच्यापर्यंत शब्द अर्धेच पोचत होते.

विशेष गरजा असलेली मुले म्हटले की श्रवणयंत्र लावणारे, कुबडी घेणारे किंवा ब्रेल वाचणारे मूल आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु सौम्य श्रवणदोष असलेले मूल दिसायला इतरांसारखेच असते. हाक मारली की ते वळून बघते, म्हणून ‘त्याला ऐकू येते’ असे आपण ठरवून टाकतो. येथेच गफलत होते. आवाज ऐकू येणे आणि शब्द कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वर जोरकस, व्यंजने नाजूक

आपल्या बोलण्यातील बरीचशी ऊर्जा स्वरांत असते, आणि ती मुख्यतः 1000 हर्ट्झच्या खालच्या वारंवारतेत असते. शब्दांचा अर्थ वेगळा करण्याचे काम मात्र बहुतांशी व्यंजने करतात. स, श यांसारखी घर्षणाची व्यंजने, तसेच ख, थ, फ यांतील श्वासाचा झोत, हे सारे उच्च वारंवारतेचे आणि क्षीण आवाज आहेत. म्हणून आवाज सगळीकडून सारखाच कमी झाला, तरी आधी बुडतात ती व्यंजने. ‘आ’ आणि ‘ओ’ ऐकू येत राहतात; ‘पान’ की ‘कान’ की ‘तान’ हे कळेनासे होते. मराठीत तर वाक्याचा अर्थ शब्दाच्या शेवटी लागणाऱ्या ‘स’, ‘त’, ‘ने’ अशा प्रत्ययांवर अवलंबून असतो, आणि बोलताना शब्दाचा शेवट आपण हळूच उच्चारतो.

प्रौढ माणूस हरवलेली अक्षरे भाषेच्या अनुभवातून भरून काढतो. मुलाकडे ही शिदोरी कमी असते. ‘परिवलन’ हा शब्द ज्याने आयुष्यात प्रथमच ऐकला, तो त्यातले गळलेले अक्षर कशावरून ओळखणार? शाळा म्हणजे तर रोज नवे शब्द.

कानात काय होते?

ध्वनिलहरींनी कानाचा पडदा कंप पावतो. ही कंपने मध्यकर्णातील तीन चिमुकली हाडे अंतर्कर्णापर्यंत नेतात. मध्यकर्णात हवा असावी लागते. ती घशाकडे जाणाऱ्या एका नळीतून खेळती राहते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दीत ती सहज बंद पडते. मग मध्यकर्णात हवेऐवजी द्राव साठतो आणि पडदा व हाडे यांची हालचाल मंदावते. श्रवणक्षमता सुमारे 20 ते 30 डेसिबेलने, कधी त्याहून अधिक, घटते. आपण दोन्ही कानांत बोटे घालून संभाषण ऐकले, तर साधारण असाच अनुभव येतो.

लहान वयात हा विकार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. बहुतेकदा तो सुमारे तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, पण पुन्हा उद्‌भवू शकतो. दुखत नसल्यामुळे मूल तक्रार करत नाही. किंबहुना, आपल्याला कमी ऐकू येते हे त्याला ठाऊकच नसते.

अशा मुलाची नोंद कोठेही होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार दोन्ही कानांतील दोष 60 डेसिबेलपासून पुढे असेल, तर मूल श्रवणदोषाच्या व्याख्येत येते. 30 डेसिबेलवाल्याला प्रमाणपत्र मिळत नाही. 2013 साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत वर्षातून एकदा तपासणी होते. पण हा दोष कमी-अधिक होणारा असल्याने त्या एका दिवशी तो सापडेलच असे नाही. शिक्षक मात्र मुलाला वर्षातले किमान 200 दिवस पाहत असतात.

वर्गाची भर

कानातील दोषात वर्ग स्वतः भर घालतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबेलने घटतो. शिक्षकांचा आवाज 1 मीटरवर 65 डेसिबेल असेल, तर 2 मीटरवर 59, 4 मीटरवर 53 आणि 8 मीटरवर 47. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज मिसळतो, म्हणून घट याहून कमी असते. पण उशिरा परतणारा आवाज पुढच्या अक्षरावर पडून ते पुसट करतो. स्लॅबचे छत, उघड्या भिंती, फरशी अशा खोलीत हा घुमारा जास्त असतो. त्यात पंखा, शेजारच्या वर्गातील पाढे, पत्र्यावरचा पाऊस. शिक्षकांचा आवाज गोंगाटाहून सुमारे 15 डेसिबेल वरचढ असावा, असे तज्ज्ञ सांगतात. मागच्या बाकावर कित्येकदा हा फरक शून्यावर आलेला असतो. तेथे निरोगी कानाचे मूलही चाचपडते. सौम्य दोष असलेले मूल तर वर्गाबाहेरच पडते.

कसे ओळखावे?

पुढील गोष्टी वारंवार दिसल्या तर शंका घ्यावी. मूल सूचना ऐकून लगेच कामाला लागत नाही, आधी शेजाऱ्याच्या वहीत पाहते. विचारलेल्या प्रश्नाऐवजी भलत्याच प्रश्नाचे उत्तर देते. ‘कळले का?’ म्हटले की नेहमी ‘हो’ म्हणते. दुपारनंतर थकते. सर्दीच्या दिवसांत हे सारे वाढते.

एक सोपा प्रयोग करता येईल. पळ-फळ, ताप-थाप, साल-शाल, पान-कान अशा जोड्यांतील 20 शब्द उलटसुलट क्रमाने काढा. तोंडासमोर कागद धरून, म्हणजे ओठ दिसणार नाहीत असे, नेहमीच्या आवाजात सर्व वर्गाला लिहायला सांगा. दुसऱ्या दिवशी मुलांच्या जागा बदलून तेच शब्द पुन्हा सांगा. मागे बसल्यावर ज्यांच्या चुका एकदम वाढतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. हे निदान नव्हे. निदान श्रवणतज्ज्ञच करतील. पण पालकांना तपासणीसाठी सांगायला एवढा आधार पुरेसा आहे. कान वाहत असेल तर घरगुती तेल न घालता डॉक्टरांकडे न्यावे, हेही जरूर सांगावे.

वर्गात काय करता येईल?

1. मुलाला पुढच्या दोन रांगांत, खिडकी आणि पंख्यापासून दूर बसवा. एकाच कानात दोष असेल तर चांगला कान तुमच्या बाजूला येऊ द्या.

2. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळा, मग बोला. ओठांच्या हालचालींवरून ‘प’ आणि ‘क’ यांतील फरक दिसतो.

3. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका. चेहरा अंधारात जातो.

4. नवे शब्द फळ्यावर लिहा. एखादे वाक्य कळले नाही, तर तेच मोठ्याने न ओरडता वेगळ्या शब्दांत सांगा. ओरडल्याने स्वर वाढतात, व्यंजने फारशी वाढत नाहीत.

5. ‘कळले का?’ ऐवजी ‘आता काय करायचे, ते सांग बरे’ असे विचारा.

6. जमिनीवर सतरंज्या, मागच्या भिंतीवर जुनी गोधडी किंवा जाड पडदा लावल्यास घुमारा कमी होतो. कागदी तक्ते त्यासाठी फारसे उपयोगी नाहीत.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलालाही हे सारे लागू आहे. श्रवणयंत्र शिक्षकांच्या आवाजाबरोबर गोंगाटही वाढवते, त्यामुळे यंत्र बसवले की काम संपले असे नाही.

माझ्या मुलाच्या कानातला द्राव पुढे ओसरला. पण त्याआधीच चौथीच्या बाईंनी त्याला दुसऱ्या बाकावर आणले होते आणि नवे शब्द फळ्यावर लिहायला सुरुवात केली होती. फळ्यावरच्या त्या शब्दांचा उपयोग इतरही अनेक मुलांना झाला, असे त्यांनीच मला सांगितले. तेव्हा पुढच्या वेळी ‘लक्ष देत नाही’ हा शेरा लिहिण्यापूर्वी एकदा त्या मुलाच्या जागेवर जाऊन बसा. पंखा चालू ठेवून सहकाऱ्याला फळ्यापाशी बोलायला सांगा आणि आपल्यापर्यंत किती शब्द पोचतात ते मोजा.